तापाचे सात दिवस: मधुमेह असताना फ्लू किंवा कोविड झाला तर साखर कशी सांभाळायची

ताप आला की मधुमेही माणूस एक चूक हमखास करतो. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन किंवा गोळी परस्पर बंद करतो. हिशोब वरवर बरोबर वाटतो: पोटात काही गेलंच नाही, तर साखर वाढेल कशाने? माझाही कित्येक वर्षं हाच समज होता. एकदा फ्लूमध्ये दीड दिवस जवळजवळ उपाशी होतो, गोळ्याही घेतल्या नव्हत्या. सहज म्हणून बोट टोचलं तर मीटरवर ३१२. मीटर बिघडलंय असं वाटून हात धुतले आणि पुन्हा पाहिलं. ३०५.

ती साखर बाहेरून आलेली नव्हती, माझ्याच यकृताने रक्तात सोडली होती. विषाणूशी लढताना शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन, ग्लुकागॉन अशी संप्रेरकं वाढवतं. ती यकृताला साखर सोडायला लावतात, आणि त्याच वेळी दाह वाढवणाऱ्या रसायनांमुळे स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. निरोगी माणसाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे निभावून नेतं. आपलं स्वादुपिंड आधीच थकलेलं असतं.

वाढलेली साखर मग आजारालाच हात देते. पांढऱ्या पेशींची संसर्गाच्या जागी पोचण्याची आणि जंतू गिळण्याची क्षमता मंदावते. रक्तातली साखर साधारण १८० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. शरीर सुकतं, कफ घट्ट होतो, सुटत नाही. शिवाय श्वासमार्गातल्या स्रावात साखरेचं प्रमाण वाढतं. एरवी ते फारच कमी असतं, आणि जिवाणूंना तिथे वाढू न देण्यात त्याचा वाटा असतो. विषाणूच्या मागोमाग न्यूमोनिया होण्यामागे हेही एक कारण आहे.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

२००९च्या एच१एन१ साथीत कॅनडातल्या क्युबेक प्रांतात केलेल्या अभ्यासात मधुमेह असणाऱ्यांना रुग्णालयात भरती व्हावं लागण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. भरती झालेल्यांत अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका सुमारे चौपट होता. कोविडच्या पहिल्या लाटेत इंग्लंडमध्ये रुग्णालयात दगावलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना मधुमेह होता.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती चीनच्या हुबेई प्रांतातल्या २०२०च्या अभ्यासाची. टाइप २ मधुमेहाच्या ज्या कोविड रुग्णांची साखर रुग्णालयात ७० ते १८०च्या दरम्यान राहिली, त्यांच्यातला मृत्युदर १.१ टक्के होता. ज्यांची साखर त्याच्या वर गेली, त्यांच्यात तो ११ टक्के. दसपट फरक!

पण इथे थोडं थांबायला हवं. आजार जितका गंभीर, तितकी साखर आपोआप चढते. म्हणजे ११ टक्क्यांमधले काही लोक साखरेमुळे जास्त आजारी पडले, तर काहींची साखर जास्त आजारी पडल्यामुळे वाढली. असा अभ्यास या दोघांची पूर्ण फारकत करू शकत नाही. फ्रान्समधल्या कोरोनाडो अभ्यासात तर भरतीच्या आधीच्या एचबीएवनसीचा (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा) आजाराच्या तीव्रतेशी संबंध दिसला नाही. भरतीच्या वेळच्या साखरेचा मात्र दिसला. उलट इंग्लंडच्या मोठ्या पाहणीत एचबीएवनसी १०च्या वर असणाऱ्यांना मृत्यूचा धोका स्पष्टपणे जास्त होता.

यातून मी माझ्यापुरता घेतलेला अर्थ असा: तीन महिन्यांची सरासरी चांगली असेल तर उत्तमच, पण ती चांगली नव्हती म्हणून आता सगळं हातातून गेलं असं नाही. तापाच्या सात-आठ दिवसांत साखर कुठे राहते, हा वेगळा विषय आहे आणि त्यात करण्यासारखं बरंच काही असतं.

पहिली पायरी: आजारी नसतानाच एक कागद तयार करा

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा एवढंच विचारा: "मला ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तर यातली कोणती औषधं चालू ठेवायची, कोणती थांबवायची, आणि इन्सुलिन किती घ्यायचं?" उत्तर त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि कागद मीटरच्या डबीत ठेवा. रात्री दोन वाजता अंगात ताप असताना डोकं चालत नाही, घरच्यांचंही नाही. या लेखातली बाकीची प्रत्येक गोष्ट त्या कागदापेक्षा दुय्यम आहे.

डबीत काय हवं? मुदत न संपलेल्या स्ट्रिप्स, लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), मीटरची जास्तीची बॅटरी, थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, ग्लुकोज पावडर किंवा साखर. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असेल किंवा पुढे सांगतो त्या 'ग्लिफ्लोझिन' गटातली गोळी चालू असेल, तर कीटोन (साखरेऐवजी चरबी जळताना शरीरात तयार होणारी आम्लं) तपासायच्या स्ट्रिप्ससुद्धा. स्ट्रिप्सची मुदत आत्ताच बघा. गरज पडते त्या दिवशी ती संपलेलीच निघते.

लसींचा हिशोबही याच वेळी. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकल आणि कोविडची डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूवरच्या लसी २०२३पासून वयस्कांसाठी आल्या आहेत, त्यांबद्दलही विचारा. लस घेतल्यावर एक-दोन दिवस साखर थोडी वर राहू शकते. घाबरू नका.

दुसरी पायरी: पहिल्या कणकणीलाच मोजायला लागा

ताप चढायची वाट पाहू नका. घसा खवखवायला लागला, अंग मोडून आलं, की मोजणं सुरू. पुष्कळदा साखर तापाच्या आधीच वर सरकलेली असते.

इन्सुलिन घेत असाल तर दर चार तासांनी, रात्रीही. टाइप १ असेल किंवा आकडे चढत असतील तर दर दोन-तीन तासांनी. फक्त गोळ्यांवर असाल तर दिवसातून किमान चार वेळा: सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. आकडा, वेळ, ताप, किती पाणी प्यायलात आणि कोणतं औषध घेतलंत, हे एका कागदावर लिहीत जा. फोनवर डॉक्टरांना "शुगर जरा जास्त आहे" असं सांगण्यात आणि "सकाळी सहाला १९०, दहाला २३०, दोनला २६५" असं सांगण्यात फार फरक पडतो. एक आकडा काहीच सांगत नाही. चढण दिसायला तीन आकडे लागतात.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आजारपणात कोणी फळ सोलून दिलेलं असतं, कोणी रस, आणि बोटाला लागलेली एवढीशी साखर मीटरवर भलता आकडा दाखवते. घरच्या मीटरचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही १००च्या वरच्या आकड्यांना १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्यामुळे १८५ आणि १९५ यांत अर्थ शोधत बसू नका. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावत असाल तर आणखी एक: जास्त मात्रेतलं व्हिटॅमिन सी काही सेन्सरना फसवतं, काही जुन्या सेन्सरना पॅरासिटामॉलही फसवतं. शंका आली तर बोट टोचून खात्री करा.

ध्येय काय ठेवायचं? घरी, तापात, बहुतेकांनी साधारण १०० ते १८०च्या पट्ट्यात राहायचा प्रयत्न करावा. फार खाली आणायच्या मागे लागू नका. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाइस-शुगर या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या सहा हजारांहून जास्त रुग्णांची तुलना झाली. साखर ८१ ते १०८ इतकी कडक ठेवलेल्या गटात २७.५ टक्के लोक दगावले, तर १८०च्या आत एवढंच पाहिलेल्या गटात २४.९ टक्के. तेव्हापासून रुग्णालयांतही साधारण १४० ते १८० हा पट्टा धरला जातो.

तिसरी पायरी: कोणतं औषध चालू, कोणतं बंद

गोंधळ होतो तो इथे.

इन्सुलिनपासून सुरू करू. दिवसभराचं, संथ चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. टाइप १मध्ये तर कधीच नाही, अगदी पाण्याचा घोट पोटात ठरत नसला तरी नाही. आजारपणात ते बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्तच लागतं. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन मात्र जेवणाशी बांधलेलं असतं, त्यामुळे जेवलाच नाहीत तर त्या जेवणाची मात्रा नको. वाढलेली साखर खाली आणण्यापुरती मात्रा किती, हे तुमच्या कागदावर असायला हवं. दोन प्रकार एकत्र मिसळलेलं इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण निम्म्यावर आलं की लगेच फोन करावा, कारण त्यात हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत.

आता गोळ्या. नुसता सर्दी-ताप आहे आणि खाणंपिणं ठीक चाललंय, तर बहुतेक गोळ्या आहेत तशाच चालू राहतात. उलट्या, जुलाब होऊ लागले, पाणी पोटात ठरेना किंवा खाणं अगदीच सुटलं, की चित्र बदलतं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही 'ग्लिफ्लोझिन' मंडळी लघवीवाटे साखर बाहेर काढतात. माणूस खात नसताना ती चालू राहिली तर शरीरात आम्लं साठून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, आणि गंमत म्हणजे मीटरवर साखर २००च्या आतही दिसू शकते. गंमत कसली, हाच धोका. आकडा चांगला दिसतो म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. खाणं सुटलं की ही गोळी थांबवायची, यावर सहसा डॉक्टरांचं दुमत नसतं. पण काहींना हीच गोळी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी दिलेली असते, म्हणून थांबवल्याचं डॉक्टरांना कळवा.

मेटफॉर्मिन: शरीर सुकलं, मूत्रपिंडावर ताण आला किंवा ऑक्सिजन कमी पडू लागला की रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याची भीती असते. अशा वेळी थांबवतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या माणूस जेवो वा न जेवो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम पडते. वयस्कांमध्ये आणि मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांमध्ये ती पुन्हा पुन्हा पडत राहते.

आठवड्यातून एकदा घ्यायची वजन आणि साखर कमी करणारी इंजेक्शनं मळमळ वाढवतात. उलट्या होत असतील तर पुढचा डोस विचारूनच घ्या.

बीपीच्या काही गोळ्याही याच यादीत येतात. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या, आणि लघवी वाढवणाऱ्या. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला जड जातात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचंही तेच, आणि ती तर आपण मेडिकलमधून न विचारता आणतो. तापाला पॅरासिटामॉल पुरतं. थांबवलेली औषधं, खाणंपिणं नेहमीसारखं झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू करतात. ती सुरू करायचं विसरणारेही पुष्कळ असतात. कागदावर लिहून ठेवा.

कीटोन कधी तपासायचे? टाइप १ असेल आणि साखर २४०च्या वर असेल तेव्हा. 'ग्लिफ्लोझिन' घेत असाल आणि मळमळ, पोटदुखी, धाप यांतलं काही असेल, तर साखर कितीही असो. रक्तातल्या कीटोनचा आकडा ०.६च्या आत असेल तर ठीक. १.५पर्यंत दर दोन तासांनी बघत राहा. १.५च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन, आणि ३च्या वर असेल तर सरळ रुग्णालय.

चौथी पायरी: पाणी आणि चार घास

जागे असताना दर तासाला छोटा पेला पाणी, एकदम नाही, घोट घोट. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून दिलं असेल तर त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

खाण्यात परिपूर्ण आहाराचा आग्रह सोडा. दर तीन-चार तासांनी साधारण ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत एवढं बघा, म्हणजे इन्सुलिनला काम राहतं आणि कीटोन तयार होत नाहीत. घन पदार्थ गिळवत नसेल तर दूध, फळांचा रस, पातळ सूप चालतं. साखर १८०च्या वर असेल तर पेय बिनसाखरेचं. खाली येत असेल आणि जेवण जात नसेल तर साखर घातलेलं. मधुमेह्याने ओआरएस घ्यायचं नाही, असा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. उलट्या-जुलाबात ते गरजेचं असतं. बाटलीबंद एनर्जी ड्रिंक मात्र वेगळी चीज आहे. ओआरएस म्हणून ते घेऊ नका.

साखर ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज (तीन-चार चमचे साखर पाण्यात), १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेच. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका.

आणखी एक, कारण हे मी घरातच घडताना पाहिलंय. तापात माणसाला दरदरून घाम फुटला की सगळे म्हणतात, चला, ताप उतरला. तो घाम साखर पडल्याचाही असू शकतो. तसंच आजारी म्हातारं माणूस गाढ झोपलंय म्हणून कोणी उठवत नाही. घाम, गुंगी, चिडचिड, बरळणं, यातलं काहीही दिसलं की आधी बोट टोचा.

पाचवी पायरी: खोकल्याचं औषध आणि इतर उपद्व्याप

खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये साखर असते. दिवसाचे तीन-चार चमचे आकाश कोसळवत नाहीत, पण बिनसाखरेचं मिळत असेल तर ते घ्या. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या बीपी आणि थोडीफार साखर वाढवतात.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, तरी घरात उरलेलं असतं आणि घेतलं जातं. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या फ्लुरोक्विनोलोन गटातल्या गोळ्यांनी मधुमेहींची साखर धोकादायक पातळीपर्यंत पडू शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या चालू असतील तर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८मध्ये याबद्दल इशारा कडक केला.

विषाणूवरची खरी औषधं वेळेत घ्यावी लागतात. फ्लूचं ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी, कोविडचं निर्माट्रेल्विर-रिटोनाव्हिर पहिल्या पाच दिवसांत. मधुमेह असणारे जोखमीच्या गटात येतात, म्हणून दुखणं अंगावर काढत बसू नका. रिटोनाव्हिरचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसह बऱ्याच औषधांशी जमत नाही. चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव सांगा.

सहावी पायरी: श्वासाकडे लक्ष, आणि कधी निघायचं

ऑक्सिमीटर दिवसातून तीन-चार वेळा लावा. बोट गरम असावं, नखाला रंग नसावा, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावं. सावळ्या त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नका. पूर्ण मिनिट श्वास मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ते साधारण १२ ते २० असतात.

धाप म्हटली की सगळ्यांच्या मनात फुफ्फुस येतं. पण खोल, जलद श्वास चाललाय आणि ऑक्सिजन मात्र ९८ दिसतोय, असं असेल तर कीटोअ‍ॅसिडोसिसचा विचार व्हायला हवा. श्वासाला पिकल्या फळासारखा वास, पोटदुखी, उलट्या सोबत असतील तर वेळ घालवू नका.

यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला: ऑक्सिजन ९४च्या खाली, मिनिटाला २४पेक्षा जास्त श्वास, सलग दोनदा साखर ३००च्या वर, ताप तीन दिवसांनंतरही कायम किंवा उतरून पुन्हा चढलेला.

आणि यांत फोनही नको, सरळ रुग्णालय गाठा: ऑक्सिजन ९० किंवा खाली, वाक्य पूर्ण करता न येणं, छातीत दुखणं, गुंगी किंवा भ्रम, सतत उलट्या, आठ-दहा तास लघवीच नाही, मीटरवर आकड्याऐवजी 'हाय' (HI, म्हणजे मीटरच्या आवाक्याबाहेर चढलेली साखर).

सातवी पायरी: स्टेरॉइड मिळालं तर

२०२०च्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे जीव वाचवले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही. म्हणजे घरी, ऑक्सिजन नीट असताना, विषाणूच्या तापावर आपणहून स्टेरॉइड घेण्यात तोटाच. दम्यासाठी किंवा सीओपीडीसाठी (फुफ्फुसांच्या जुनाट आजारासाठी) डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडची गोष्ट वेगळी, ते बंद करू नका.

स्टेरॉइडची साखर दुपारनंतर चढते. सकाळी घेतलेल्या गोळीने उपाशीपोटीची साखर जवळपास ठीक दिसते आणि संध्याकाळी ३५० होते. फक्त सकाळी तपासणाऱ्याला काही कळतच नाही. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. गरज नसताना दिलेलं स्टेरॉइड आणि बेफाम साखर यांचा मेळ काय करू शकतो, हे भारताने २०२१मध्ये म्युकरमायकोसिसच्या ('काळी बुरशी') रूपाने पाहिलं. चेहऱ्याच्या एका बाजूला दुखणं किंवा बधिरपणा, डोळा सुजणं, दोन दोन दिसणं, नाकातून काळपट स्राव, यांतलं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका.

बरं झाल्यावर

ताप गेला तरी साखर लगेच जागेवर येत नाही, आणि येते तेव्हा कधी कधी घाईने येते. आजारपणात वाढवलेलं इन्सुलिन तसंच चालू राहिलं, स्टेरॉइड थांबलं आणि भूक अजून परतलेली नाही, असा तिठा आला की साखर पडते. पुढचे आठ-दहा दिवस मोजणं चालू ठेवा आणि वाढवलेला डोस कधी, किती कमी करायचा हे विचारा.

मधुमेह नसलेल्या एखाद्याची साखर आजारपणात पहिल्यांदाच जास्त निघाली, तर एचबीएवनसी करून घ्यावं. ते ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह बहुधा आधीपासूनच होता, फक्त कळला आता. त्यापेक्षा कमी असेल तर ती आजाराने चढलेली साखर असू शकते. पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची.

संपलेल्या स्ट्रिप्सच्या जागी नव्या आणून डबीत ठेवायच्या, आणि कागदावरचे डोस बदलले असतील तर जुना कागद फाडून नवा लिहायचा.